शुभवर्तमान, बदलापूर फास्ट

रेव्हरंड नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, त्याची सुरुवात रेल्वेच्या डब्यात झाली. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना एका गोऱ्या साहेबाशी त्यांच्या गप्पा रंगल्या. साहेबाने नव्या कराराची प्रत हातात ठेवली, आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं भाकीतही केलं. १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला टिळकांचा बाप्तिस्मा झाला. आमचे नगरचे मामा ही गोष्ट सांगतात आणि शेवटी माझ्याकडे बघतात. इतकी वर्षं रेल्वेने जातोस, तुझ्या हातून काय झालं?

मला एवढंच म्हणायचं असतं, की त्या डब्यात दोघांनाही बसायला जागा होती.

मागच्या नाताळाआधी मामा पत्रकांचा गठ्ठा घेऊनच बदलापूरला आले आणि सकाळच्या फास्टला चढले, म्हणजे चढवले गेले. अंबरनाथची मंडळी उलटी बदलापूरला येऊन खिडक्या धरतात, त्यामुळे आमची गाडी फलाटाला लागते तीच भरलेली. मामांचा एक हात कुणाच्या तरी पाठीमागे अडकला, दुसरा पत्रकांसकट वर राहिला. वर धरलेली वस्तू रॅकवर पोचवायची डब्याला सवय. पत्रकं हातोहात सरकत गेली आणि डब्यांच्या पिशव्यांमध्ये नीट विसावली. पंखा बंद होता. एका गृहस्थांनी त्यातलं एक काढून कल्याणपर्यंत वारा घेतला आणि उतरताना घडी घालून खिशात टाकलं.

"बघ, नेलं!" मामा म्हणाले.

मामांना बदलापूर ते अंबरनाथ एवढ्यात निकाल हवा असतो. खुद्द टिळकांच्या घरात, त्यांच्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, सुमारे पाच वर्षं लागली. आधी रडल्या, वेगळ्या राहिल्या, मग आपल्या पायांनी आल्या. आणि टिळकांनी १९१७ साली 'देवाचा दरबार' काढला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. इतका सैल माणूस मामांच्या मंडळीत महिनाभर टिकला नसता.

माझ्या मते आमच्या पट्ट्यातला सगळ्यात चांगला सुवार्तिक उल्हासनगरच्या बाजारात बसतो. सिंधी आहे, झुलेलालचा भक्त आहे. दिवाळीचे कंदील उतरले की तो चांदण्या टांगतो आणि गिऱ्हाइकाला समजावतो, "ये तारा देखके तीन बड़े लोग ऊँट पे आये थे, भाभी. माँ-बाप को कहीं जगह नहीं मिली, बच्चा तबेले में हुआ. डेढ़ सौ." जागा नाही मिळाली म्हणताना त्याचा आवाज उतरतो आणि भाभीची घासाघीस तिथेच थांबते. फाळणीनंतर ज्यांच्या घरच्यांनी कल्याणच्या लष्करी छावणीतल्या बराकींत संसार मांडले, त्यांना हा भाग कोणत्याही पाळकाने शिकवावा लागत नाही. मी दरवर्षी चांदणी घेतो. जुनी चांगली असली तरी.

आमच्याकडचं म्हणाल, तर शेजारी दर नाताळाला विचारतात, "तुमच्यात केक असतो ना?" आणि दर नाताळाला त्यांना करंज्या जातात. ताट कधी रिकामं परत आलेलं नाही. संक्रांतीला तिळगूळ घेऊन येतं. यात कोण कुणाला काय सांगतंय, ते मामांनी ठरवावं.

पण गाडीचं राहिलं. कल्याण सुटलं तसे टाळ निघाले. आमच्या डब्याचं भजनी मंडळ जुनं आहे. दोन गजर झाल्यावर बुवा म्हणाले, "काका, आज तुमचं होऊ द्या." मी टिळकांचं एक भजन घेतलं. चाल अभंगाचीच, टाळकऱ्यांनी दुसऱ्या ओळीला पकडली, दारातल्यांनीही ठेका धरला.

"कुणाचं हो हे?"

"टिळकांचं."

"लोकमान्यांनी भजनंपण लिहिली?"

"हे दुसरे. रेव्हरंड."

"पण रत्नागिरीकडचेच ना?" खिडकीतून कुणीतरी विचारलं. तेही कोकणातलेच म्हटल्यावर त्याचं समाधान झालं.

मामांना संधी दिसली. त्यांनी घसा साफ केला आणि अडकलेला हात मोकळा करून घेतला. बुवांनी टाळ मांडीवर ठेवले.

"सांगा मामा, सगळं ऐकू. फक्त ठाण्याच्या आत संपवा, पुढे आरती असते."