तीनच्या आतला

पाटण तालुक्यात भूकंपाचं कुणाला कौतुक नाही. फळीवरच्या पितळी डब्यांची झाकणं किणकिणली, की आमच्या सासूबाई हातातली बशी खाली न ठेवता सांगतात, "तीनच्या आतला." दुसऱ्या दिवशी पेपरात २.८ रिश्टर, सौम्य धक्का, जीवितहानी नाही. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटेचा त्यांनी सोसलाय. कोयनानगर जमीनदोस्त झालं, सुमारे १८० माणसं गेली. त्यानंतर असल्या किरकोळीसाठी उठून उभं राहणं त्यांना कमीपणाचं वाटतं.

पंचाईत होते ती सुट्टीत पुण्याहून भाचरं आली की.

"आजी, जमीन का हलली?"

"शेषनागानं फणा बदलला."

"त्याला खाज सुटते?" धाकटी. "तो कशावर बसलाय?" थोरला.

"झोपा आता," असं म्हणून पुराण आटोपलं आणि विज्ञान माझ्या गळ्यात पडलं. मी सांगितलं, भारताची जमीन वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर उत्तरेला सरकते, आशियाला रेटते. त्या रेट्यानंच हिमालय वर आला.

"म्हणजे आमची शाळापण सरकते?"

"सरकते."

"मग उशीर झाला तर माझी काय चूक?"

"अरे, तूही तिच्याबरोबरच सरकतोस."

"मग सकाळी उठायचं कशाला?"

मी घाईनं कोयनेवर आले. इथले खडक आधीच ताणलेले. धरणाचं पाणी खोल भेगांमध्ये मुरतं, तिथला दाब वाढतो आणि खडक सटकतो.

"मग सोडून द्या ना पाणी!"

"वीज त्याच पाण्यावर होते, राजा. टीव्ही बंद पडेल."

दोघांनी कोपऱ्यात जाऊन खलबत केलं. "असू दे पाणी. हललं तर हललं." मोठ्यांनीही गेली साठ वर्षं वेगळं काही ठरवलेलं नाही.

शेवटी सराव. टेबलाखाली शिरायचं, डोकं झाकायचं, टेबलाचा पाय घट्ट धरायचा. आमच्याकडे टेबल कुठलं? दिवाणाखाली पाठवलं. तिथे कांदे पसरलेले आणि लोणच्याची बरणी. धाकटी दिवाणाचा सोडून दादाचाच पाय धरून बसली. "कांदे तुडवू नका रे!" सासूबाईंना भूकंपापेक्षा त्यांची काळजी.

पाच मिनिटांनी म्हटलं, "झाला भूकंप. बाहेर या, पाढे म्हणायचेत."

धाकटी आली. थोरल्याचा आवाज आतूनच आला. "मामी, नंतरचे धक्के बाकी आहेत."

"किती वेळ चालणारेत?"

"आजी म्हणाली, कोयनेत सदुसष्टपासून चालूच आहेत."