लंडनमुक्कामाची शास्त्रोक्त पद्धती (बारामती व इंदापूर तालुक्यांपुरती मर्यादित)

प्रस्तुत मार्गदर्शिकेची व्याप्ती प्रारंभीच स्पष्ट करणे इष्ट ठरेल. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर वाढलेली, वडिलांच्या ऊसबिलावर आणि बिल लांबल्यास पतसंस्थेच्या कर्जावर उच्चशिक्षणास निघालेली, व लंडनमध्ये वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ एकट्याने राहणार असलेली व्यक्ती, म्हणजेच यापुढील 'उमेदवार', येथे अभिप्रेत आहे. पुणे शहरातील उमेदवारांना हे नियम लागू नाहीत, कारण त्यांना सर्व काही आधीच ठाऊक असते.

विधीचा पहिला भाग गावातच पार पडतो. व्हिसा मिळाल्याचे कोणासही सांगू नये असा संकेत असला तरी तो पाळला जात नाही, आणि चार दिवसांत चौकात फ्लेक्स लागतो. फ्लेक्स म्हणजे ज्यावर उमेदवाराचे छायाचित्र एक आणि शुभेच्छुकांची छायाचित्रे अनेक असतात असा फलक होय. त्यावरील निम्मे शुभेच्छुक उमेदवारास ओळखत नाहीत आणि उरलेल्या निम्म्यांना आगामी निवडणुकीत उभे राहायचे असते. तथापि या फलकाची थट्टा करणाऱ्यांच्या लक्षात त्याचा खरा उपयोग येत नाही. परदेशातील दुसऱ्या आठवड्यात, खोलीत एकटे बसून ब्रेड खाताना परतीचे तिकीट काढण्याची जी तीव्र इच्छा होते, तिला आवर घालण्याचे सामर्थ्य चौकात अजून फडकत असलेल्या त्या फलकातच असते.

सामानाविषयी एकच गोष्ट गांभीर्याने सांगावयाची आहे. भारतातून ग्रेट ब्रिटनमध्ये मांस व दुग्धजन्य पदार्थ नेण्यास प्रवाशांना मनाई असल्यामुळे घरचे तूप, पेढे आणि खवा ही तिन्ही द्रव्ये बाद होतात. मात्र हा नियम आईस पटवून देण्याची पद्धत अद्याप कोणास सापडलेली नाही. काळे तिखट व शेंगदाण्याची चटणी मोठ्या बॅगेत, आणि पासपोर्ट, विद्यापीठाचे पत्र व राहण्याचा पत्ता हातातील पिशवीत ठेवावा. याच्या उलट रचना केल्यास सुरक्षा तपासणीत तिखटाच्या पुड्या एकेक करून उघडल्या जातात.

हीथ्रो विमानतळावरून शहरात जाण्यास पिकॅडिली लाइन स्वस्त आणि 2022 साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन वेगवान आहे. भुयारी रेल्वेत शिरताना जे कार्ड यंत्रास टेकवले तेच बाहेर पडताना टेकवावे; बसमध्ये मात्र ते केवळ चढताना टेकवायचे असते. तेथील बस 2014 पासून रोख पैसे घेत नाहीत व त्यांत वाहकही नसतो, त्यामुळे सुट्ट्या पैशांवरून होणाऱ्या ज्या संवादाने बारामती–पुणे प्रवास निम्मा सरतो, त्यास उमेदवार मुकतो.

खरी कसोटी घर शोधताना लागते. घरमालक अनेकदा जामीनदार मागतो. भाडे थकल्यास ते भरण्याची हमी घेणारी, तेथेच राहणारी व कमावती व्यक्ती त्यास अपेक्षित असते. ज्या प्रदेशात पतसंस्थेच्या दोन जामीनदारांसाठी शब्द टाकताच पाच जण सहीला येतात, तेथून आलेल्या माणसास ही मागणी प्रथम क्षुल्लक वाटते, आणि नंतर ध्यानात येते की निम्मा तालुका पाठीशी असूनही त्यातील एकही सही येथे चालत नाही. गावात वेशीतून आत येणाऱ्या कोणत्याही पोरास पारावरील म्हातारा 'कुणाचा रं तू?' असे विचारतो, आणि उत्तरात केवळ आजोबांचे नाव सांगितले तरी चहा येतो. लंडनमध्ये हा प्रश्न कोणीच विचारत नाही, आणि ज्या प्रश्नाचा गावात असताना मनस्वी वैताग यायचा, त्याचीच उणीव भासू लागते. या बाबतीत बारामतीस तुच्छ लेखता येणार नाही, कारण मूळचे पन्हाळ्याचे मोरोपंत बारामतीस आले तेव्हा त्यांना बाबूजी नाईकांचा आश्रय लाभला व त्यांचा मुक्काम 1794 मध्ये मृत्यू येईपर्यंत लांबला. लंडनमध्ये असा नाईक शोधणे व्यर्थ होय. काही विद्यापीठे स्वतः विद्यार्थ्याची हमी घेतात, तेव्हा ती चौकशी निघण्यापूर्वीच करावी. घर पाहिल्याशिवाय पैसे पाठवू नयेत. आणि इंग्लंडमध्ये सर्वसाधारण भाड्याच्या घरास पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक अनामत घेता येत नाही, हे 2019 च्या कायद्याचे कलम पाठ असावे.

फोडणी खिडकी उघडूनच द्यावी, अन्यथा धूरसूचक यंत्र वाजून संपूर्ण इमारत रात्रीच्या पोशाखात रस्त्यावर उतरते.

स्वतःची कीव येऊ लागल्यास उमेदवाराने 10, किंग हेन्रीज रोड या घरी जावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1921–22 या काळात तेथे राहिले व अर्धपोटी अभ्यास करीत राहिले. महाराष्ट्र शासनाने ते घर 2015 मध्ये विकत घेतले. बॅगेत चिवडा घेऊन आलेल्यांनी तेथून बाहेर पडताना तक्रारींची यादी पुन्हा तपासून पाहावी.

दूरध्वनीच्या वेळेचे गणित हिवाळ्यात साडेपाच व उन्हाळ्यात साडेचार तासांचे आहे. आई सायंकाळी फोन करते व जेवणाची चौकशी करते, तो भाग सर्वश्रुत आहे. वडील मात्र फोन करीत नाहीत. परंतु ज्या आठवड्यात शेतीपंपाची लाइट रात्रपाळीची असते, त्या आठवड्यात रात्री दोन वाजता मोटार चालू करून बांधावर बसलेल्या माणसास जागे राहण्यासाठी कोणाशी तरी बोलावे लागते, आणि तेव्हा लंडनमध्ये हिवाळी रात्रीचे साडेआठ झालेले असतात. अशा वेळी उमेदवाराने स्वतःच फोन लावावा, शिक्षणाविषयी काहीही बोलू नये, आणि पायात गमबूट आहेत का व उसात बिबट्या दिसल्याचे ऐकले ते खरे का, एवढेच विचारावे. खोलीच्या भाड्याचे रूपांतर उसाच्या टनांत करून सांगू नये. ते वडिलांनी केव्हाच केलेले असते.

शेवटी पर्यटन. बिग बेन व राजवाडा नातेवाइकांना पाठवावयाच्या छायाचित्रांपुरते पाहावेत. या दोन तालुक्यांच्या उमेदवारास खरे पाहण्याजोगे स्थळ पूर्व लंडनमधील सिल्व्हरटाउन हे आहे, कारण तेथे थेम्सकाठी 1878 पासून टेट अँड लाइलचा साखर कारखाना उभा आहे. माळेगाव, सोमेश्वर वा भवानीनगरच्या धुराड्यांखाली वाढलेल्या माणसाची पावले तिकडे आपोआप वळतात. मात्र अपेक्षा माफक ठेवावी. तेथे ऊस येत नाही. जहाजातून कच्ची साखर येते आणि केवळ शुद्ध होऊन बाहेर पडते. दारात ट्रॅक्टरची रांग नाही, वजनकाट्यावर भांडण नाही, गव्हाणीत मोळी पडत नाही, सभासद नाहीत, त्यामुळे वार्षिक सभेत माइक ओढून घेण्याचीही सोय नाही. उतारा, म्हणजे शंभर किलो उसामागे निघणाऱ्या साखरेचे प्रमाण, यंदा किती पडला हे फाटकावरील पहारेकऱ्यास विचारून पाहण्यास हरकत नाही, पण तो उमेदवारास दुसऱ्या फाटकाकडे पाठवतो.