मोनोसाहेब, निरोप समारंभाला उशीर झाला

सन्माननीय मोनोक्रोटोफॉसराव,



तुम्हाला पूर्ण नावाने कोणी हाक मारत नाही. "मोनो द्या," म्हटलं की कृषी सेवा केंद्रवाला न बघता हात मागे नेतो आणि कीटकनाशकाची बाटली काढतो. वहीत उधारी मांडतो. बाटलीवर लाल त्रिकोण, कवटी, खाली हाडांची फुली. स्वतःबद्दल इतकं खरं आमचे पुढारीही छापत नाहीत, तेव्हा आधी अभिनंदन.

कपाशीचं पान कधी उलटून पाहिलंत का? मधल्या शिरेवर एक बारीक खळगा असतो आणि त्यात गोड रस पाझरतो. फुलात नव्हे, पानावर. त्या थेंबापायी मुंग्या येतात, चिमुकल्या गांधीलमाश्या येतात आणि आल्याच आहेत तर अळ्या-अंड्यांचाही समाचार घेतात. ढालकिडा माव्यावर ताव मारतो, क्रायसोपाची अळी तुडतुड्यांची पिल्लं शोषते. बिनपगारी, बिनउधारी. तुमचा पंप सुरू झाला की पहिली आडवी होते ती हीच मंडळी. जिच्यासाठी तुम्हाला वाजतगाजत आणलं ती गुलाबी बोंडअळी बोंडात शिरून, मागचं छिद्र बुजवून, निवांत सरकी खात असते. तुमची-तिची गाठच पडत नाही! पुढे राखणदार नसलेल्या शेतात पांढरी माशी आणि लाल कोळी मातले की त्यांच्यासाठी त्याच फळीवर तुमचे भाऊबंद हजर. धंदा असावा तर असा.

कृषी खातं सांगतं, शेतात पक्षिथांबे लावा, कोतवाल, साळुंक्या येऊन अळ्या टिपतील. आम्ही लावतो. मग तुम्हाला फवारतो. तडफडणारी अळी पकडायला सोपी, म्हणून साळुंकी आधी तीच उचलते. मज्जातंतूंचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारं एक विकर असतं, तुम्ही नेमकं तेच बंद पाडता. निरोप थांबत नाहीत, स्नायू थरथरत राहतात, शेवटी श्वास अडकतो. अळी, पाखरू, पाठीवर पंप घेतलेला मजूर, सगळ्यांना एकच न्याय. जातपात न मानणारा असा दुसरा आमच्या पंचक्रोशीत नाही.

तुमची कीर्ती परदेशातही आहे. स्वेन्सनचा बाज उन्हाळा उत्तर अमेरिकेत काढतो आणि तिथला हिवाळा टाळायला अर्जेंटिनाच्या माळांवर जाऊन नाकतोडे खातो. म्हणजे शेतकऱ्याचंच काम करतो. नाकतोड्यांसाठी तिथे तुम्हाला फवारलं. पाठीवर ट्रान्समीटर लावलेल्या बाजांचा माग काढत अमेरिकी संशोधक पोचले, तर झाडांखाली बाजांचा खच. १९९५-९६ च्या त्या एका हंगामात सुमारे २० हजार बाज गेल्याचा अंदाज आहे. हजारो मैल उडून आलेल्या पाहुण्याचं स्वागत करावं तर तुम्हीच. २००० साली भरतपूरजवळ शेतातले दाणे टिपणाऱ्या सारसांचंही तुम्ही असंच आदरातिथ्य केलंत.

यवतमाळचं विचारतच नाही. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. संशयितांत तुम्ही होतात, भाऊबंदही होते. दोष मात्र मास्क न लावणाऱ्या मजुरावर आला. डोक्यापेक्षा उंच कपाशीत, सप्टेंबरच्या उकाड्यात मास्क आणि रबरी हातमोजे घालून दिवसभर फवारून दाखवणारा साहेब अजून आम्हाला भेटायचा आहे.

आमचं सरकारही तुम्हाला दुखवायला कचरतं. २००५ मध्ये भाजीपाल्यावर तुम्हाला बंदी घातली, कपाशीवर नाही. भाजीतला किडा खाणारी आणि कपाशीतला किडा खाणारी साळुंकी वेगवेगळी असते, असा काहीतरी हिशेब असावा. २०२३ मध्ये तुमच्या ३६ टक्के द्रावणावर बंदी आली, पण उरलेला साठा मुदत संपेपर्यंत विकायची सवलत ठेवून. एवढ्या सवडीने निरोप आमच्याकडे जावयालाही देत नाहीत.

जाताना एक काम करा. तुमच्या जागी जे नवे येतील, त्यांच्या कानात सांगा की कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री ८-८ पतंग पडेपर्यंत बोंडअळीसाठी बाटलीचं बूच उघडायचं नसतं. हे कृषी विद्यापीठाच्या पत्रकात छापलेलं आहे, आम्ही वाचलेलंही आहे. दुकानदारासमोर मात्र हा विषय काढू नका. त्याची मागच्या हंगामाची उधारी अजून आमच्याकडे आहे आणि यंदा कुठली बाटली न्यायची ते तोच ठरवतो.

आपला,
एक कापूसवाला