नियम बदलला, पाटी तीच

दिवाळी किंवा मे महिना जवळ आला की गोंदियातल्या घरांमध्ये पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे फोन सुरू होतात. “नागझिरा सध्या चालू आहे का?” प्रश्न एका ओळीचा असतो, उत्तर पानभर. पावसाळ्यात गाभा क्षेत्र (कोअर) बंद. गुरुवारी सुट्टी. ताडोबाची सुट्टी मंगळवारी, तेव्हा दोन्हीकडे जायचं असेल तर वार बघून निघा. बुकिंग ऑनलाइन. शनिवार-रविवारचा दर वेगळा. मूळ ओळखपत्र सोबत हवं. चोरखमारा गेट मिळालं तर तिरोड्याकडून या, पिटेझरी मिळालं तर साकोलीकडून. हे सगळं सांगायला मला कधी कंटाळा आलेला नाही. आपल्या जिल्ह्यात कोणी येतंय, जंगल बघतंय, याचा आनंदच असतो. त्रास वेगळा आहे. या पानभर उत्तरातलं काहीतरी दर हंगामाला बदलतं, आणि बदललं हे आम्हाला कळतं ते थेट गेटवर, पहाटेच्या अंधारात, पोरं गाडीत कुडकुडत असताना.

नियम बदलावेत. कडकही व्हावेत. माझं गाऱ्हाणं एवढंच की बदललेला नियम गेटवर पोचायच्या आधी पर्यटक तिथे पोचलेला असतो, आणि गावकऱ्याला तर तो कळतच नाही. गोष्ट लहान आहे हे मला मान्य आहे. पण जंगलाचा कायदा सामान्य माणसाला भेटतो तो अशाच लहान गोष्टींत: पाटीत, पावतीत, गेटवरच्या टेबलाशी.

मोबाइलचंच बघा. १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या प्रकरणात निकाल दिला. व्याघ्र प्रकल्पांतलं रात्रीचं पर्यटन बंद, आणि गाभा क्षेत्राच्या पर्यटन विभागात मोबाइल वापरायला मनाई. ताडोबाने तर २०१८ च्या अखेरीसच मोबाइल बंद केले होते. मी या मनाईच्या पूर्ण बाजूने आहे. वाघ दिसला की एका गाडीतून दुसऱ्या गाडीला फोन जातो आणि पाच मिनिटांत रस्ता दोन्हीकडून गाड्यांनी भरतो, हे विदर्भात सगळ्यांनी पाहिलेलं आहे. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावकडच्या रस्त्यावर एका वाघिणीला तिच्या पाच बछड्यांसह जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवलं. त्याची चित्रफीत देशभर फिरली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइड निलंबित झाले. पायाशी पोरं असलेली आई मधे उभी आणि पुढे-मागे इंजिनं चालू. ते दृश्य पाहिल्यावर मोबाइल जमा करायला कोणाची ना असेल?

पण परवानाही मोबाइलवरच असतो. विदर्भातल्या एका अभयारण्याच्या गेटवर मी हे जवळून पाहिलं. टेबलामागच्या मुलाने कापडी पिशवी पुढे केली, “सगळ्यांचे फोन यात टाका.” टाकले. पिशवीला चिठ्ठी बांधली, चिठ्ठीवर गाडीचा नंबर लिहिला. मग त्याने रजिस्टर उघडलं आणि विचारलं, “बुकिंग नंबर?” तो फोनमध्ये. चिठ्ठी सोडली, पिशवी उघडली, फोन शोधला. त्या ठिकाणी रेंज नव्हती, पावती उघडेना. आमच्या वहिनींचं आधार कार्डही फोनमध्येच होतं, आणि तिथे मूळ कार्ड हवं होतं. मागे सहा-सात गाड्या उभ्या. तो मुलगा जवळच्याच गावचा, अत्यंत नम्र, घामाघूम झालेला. त्याला कोणी हे बसवून शिकवलेलं नव्हतं. फोन घ्यायचे एवढा निरोप त्याच्यापर्यंत आला होता. घेण्याआधी काय तपासायचं, हे निरोपात नव्हतं. “प्रिंट काढून आणायची होती,” असं मागून कोणीतरी म्हणालं. आणायला हरकत नाही, पण तसं बुकिंगच्या पावतीवर मराठीत ठळक छापा. सकाळची फेरी पहाटे सुटते आणि झेरॉक्सचं दुकान दहाला उघडतं. किंवा त्या दिवसाची नावांची यादी आदल्या संध्याकाळीच गेटवर कागदावर ठेवा. खर्च एका कागदाचा आहे.

या जंगलावर नियमांचे थर कसे चढत गेले हे पाहिलं की पाट्यांचा घोळ कुठून आला ते कळतं. नागझिरा अभयारण्य झालं १९७० मध्ये, सुमारे १५३ चौरस किलोमीटरचं. वन्यजीव संरक्षण कायदा आला १९७२ मध्ये. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चं. २०१२ मध्ये नवीन नागझिरा आणि नवेगाव ही अभयारण्यं जोडली गेली, २०१३ मध्ये भंडाऱ्याकडचं कोका, आणि त्याच वर्षी डिसेंबरात या पाचांचा मिळून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प झाला. अभयारण्याचे नियम एक, राष्ट्रीय उद्यानाचे त्याहून कडक, व्याघ्र प्रकल्पाचे आणखी वेगळे. २४ जुलै २०१२ ला सर्वोच्च न्यायालयाने गाभा क्षेत्रातलं पर्यटन पूर्ण थांबवलं, ऑक्टोबरात मार्गदर्शक सूचना आल्यावर ते पुन्हा सुरू झालं, पण गाभ्याच्या २० टक्क्यांच्या आत राहायच्या अटीवर. मग कायद्यातच दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि कायद्याच्या सहा अनुसूच्यांच्या चार झाल्या. यातला प्रत्येक बदल विचारपूर्वक झालेला आहे. प्रत्येक बदलाबरोबर नवी पाटी आली, तीही समजू शकते. जुनी मात्र कोणी काढली नाही. एकाच वळणावर तीन पाट्या उभ्या असतात, एक गंजलेली, एक उन्हाने पांढरी पडलेली, एक कोरी. पाळायची कोणती? दरफलकावर जुन्या आकड्यावर नवा आकडा चिकटवलेला, त्याचा कोपरा सुटलेला, खालून जुना डोकावतो. कोणत्याही पाटीवर तारीख नाही. पाटीवर “दिनांक अमुक पासून लागू” एवढी एक ओळ घातली तरी गेटवरचे अर्धे वाद मिटतील.

ही झाली जंगलाच्या आतली रड. माझा जीव जास्त तुटतो तो बाहेरच्या गोष्टीसाठी, जिथे पाटीच नाही.

महाराष्ट्रात सारस पक्षी उरला आहे तो आमच्या गोंदियात आणि लागून असलेल्या भंडाऱ्यात. नदीपलीकडे बालाघाटला काही जोड्या आहेत. दर जूनमध्ये त्यांची मोजणी होते. पहाटे ‘सेवा’ या संस्थेची मंडळी, वनखात्याचे कर्मचारी, शेतकरी आणि कॉलेजची पोरं बोड्या-तलावांच्या काठी जाऊन बसतात. २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाने सारसांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, विजेच्या तारांपासून त्यांच्या अधिवासापर्यंत सगळ्यावर विचारणा केली. इतकं मोलाचं पाखरू, पण ते राहतं व्याघ्र प्रकल्पात नाही. ते राहतं माणसाच्या धानाच्या बांधीत. ऐन पावसाळ्यात, रोवणीच्या धांदलीत, पाण्यात गवत आणि काड्या रचून घरटं करतं, बहुधा दोन अंडी घालतं आणि नर-मादी महिनाभर आलटून पालटून उबवतात.

आणि त्याच महिन्यात फोटो काढणारे येतात. मोठ्या लेन्स, तीन पायांची स्टँडं, गाडी सरळ पांदणीवर. माणसं वाईट नसतात, पक्ष्यांवर त्यांचं प्रेमही असतं. पण जवळून फोटो हवा म्हणून ते बांधीत उतरतात. धुऱ्यावरून चालताना धुरा फुटतो, बांधीतलं पाणी वाहून जातं. एका बाईने महिनाभर जपलेले पऱ्हे बुटाखाली चिखलात गेलेले मी पाहिले आहेत. ती काही बोलली नाही, ओणवी होऊन एकेक रोप उचलून धुवत राहिली. उबवणारा पक्षी घरट्यावरून उठला तर अंडी उघडी पडतात, वर कावळा असतोच. १९७२ च्या कायद्यात रानपक्ष्याची अंडी वा घरटं विस्कटणं हे शिकारीच्या व्याख्येतच धरलेलं आहे. शिकार! इतका स्पष्ट कायदा असून परसवाड्याच्या किंवा झिलमिलीच्या वाटेवर येणाऱ्या फोटोवाल्याला तो माहीत असेलच असं नाही, आणि शेतकऱ्याने सांगितला तर त्याचं ऐकलं जाईलच असंही नाही. त्याच्या हातात दाखवायला काही नसतं. वाघ बघायला जाताना गाइड लागतो, परवाना लागतो, किती अंतर ठेवायचं तेही ठरलेलं असतं. सारस बघायला मात्र नुसती गाडी असली की पुरते. राज्याने पर्यटनाचे नियम नव्याने लिहायला घेतले की एक नियम यासाठी लिहावा: शेतातल्या घरट्यापासून किती लांब थांबायचं, कोणाला विचारून थांबायचं, आणि शेतकऱ्याचं नुकसान झालं तर भरून कोणी द्यायचं. ज्याच्या बांधीत घरटं आहे त्याने तेवढा तुकडा रोवायचा सोडलेला असतो. त्याची परवानगी ही पहिली परवानगी असायला हवी.

रस्त्याचंही सांगतो. गोंदिया-कोहमारा रस्ता जंगलातून जातो. ऑगस्ट २०२३ मध्ये मुरदोलीजवळ याच रस्त्यावर एका कारने तरण्या वाघाला उडवलं. उपचारासाठी नागपूरला नेताना तो वाटेत गेला. त्याच वर्षी २० मे रोजी दोन वाघिणी चंद्रपूरकडून आणून नागझिऱ्यात सोडल्या होत्या, इथे वाघ वाढावेत म्हणून. आणायला केवढे कष्ट, जायला एक भरधाव गाडी. वेगमर्यादेच्या पाट्या असतात, पण हिरव्यावर पांढऱ्या बारीक अक्षरात चार ओळींचं आवाहन आणि कोपऱ्यात वेग. चालत्या गाडीतून ते वाचून होत नाही. आकडा मोठा लिहा, बाकीचं खोडा. आणि रात्री तिथे माणूस उभा करा.

आता गावकऱ्यांकडे येतो, कारण नियमांचा खरा भार त्यांच्यावर आहे. पर्यटकाला नियम चुकला तर त्याची सफारी बुडते. जंगलाकाठच्या माणसाचं त्यात बरंच काही जातं. मार्च-एप्रिलमध्ये बायका भल्या पहाटे मोहफुलं वेचायला निघतात, मे महिन्यात तेंदूपानं. कोणत्या भागात वाघीण पिल्लांसह आहे, कोणती वाट काही दिवस टाळायची, गुरं कुठवर न्यायची, हे त्यांना त्या दिवशी कळायला हवं. कळतं ते वनरक्षकाच्या तोंडून, तो भेटला तर. एकेका वनरक्षकाकडे केवढा मुलूख असतो तेही मी जाणतो. वन्यप्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर मिळणारी भरपाई राज्याने २०२३ मध्ये २० लाखांवरून २५ लाख केली. पिकाची नासाडी झाली, बैल गेला, माणूस जखमी झाला तर वेगळे दर, वेगळी मुदत, वेगळे कागद. ज्याचं धान रानडुकरांनी रात्रीत लोळवलं त्याला सकाळी अर्ज कुठे करायचा, किती दिवसांत करायचा, पंचनामा होईपर्यंत शेत तसंच ठेवायचं का, हे शेजाऱ्याला विचारावं लागतं, आणि शेजाऱ्याला गेल्या वेळचा नियम माहीत असतो.

गावकऱ्यांना नुसते नियम सांगायचे नसतात, त्यांच्याकडून शिकायचंही असतं. लेखक मारुती चितमपल्ली नवेगावबांधला वनाधिकारी होते तेव्हा गावच्या माधवराव पाटील डोंगरवारांबरोबर ते तासन्‌तास तळ्याकाठी आणि जंगलात फिरले, पक्ष्यांबद्दल त्यांच्याकडून शिकले, ‘नवेगावबांधचे दिवस’ हे पुस्तक त्यातूनच उभं राहिलं. ते तळंही कुठल्या खात्याने बांधलेलं नाही. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी ते बांधलं आणि ज्या टेकड्यांमध्ये बांधलं त्यांना लोक सात बहिणी म्हणतात. इथल्या लोकांना पाण्याचं, पाखरांचं, रानाचं कळतं. नियम करताना त्यांना विचारा, आणि निदान केल्यावर तरी सांगा. शासन निर्णय संकेतस्थळावर टाकला की खात्याचं काम संपतं, पण पिटेझरीच्या किंवा मंगेझरीच्या म्हातारीला त्याचा काय उपयोग?

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर घरकुलाची यादी लागते, रेशनची लागते. तिच्या शेजारी एका कागदाला जागा आहे. त्यावर साध्या मराठीत दहा ओळी लिहा: काय बदललं, कधीपासून, कोणत्या वाटा बंद, भरपाईचा अर्ज कुठे आणि किती दिवसांत. खाली उचलला जाईल असा फोन नंबर आणि वर तारीख. आधीचा कागद फाडून मगच नवा लावा, आणि मोहफुलं पडायला लागायच्या आत लावा.