गवतात हरवलेली किल्ली शोधण्याची शास्त्रोक्त पद्धत

स्कूटरची किल्ली हरवण्यासाठी श्रावणातला सिंहगड उत्तम. गाडी आतकरवाडीत, आपण वर आणि मध्ये गुडघाभर ओलं गवत, एवढं जुळून आलं की शोधकार्य सुरू करावं.

१. 'नक्की कुठे ठेवली होतीस?' असं विचारणाऱ्या नातलगाला आधी कांदाभजी आणायला पाठवावं. नातलग नावाच्या या यंत्राचा पल्ला अमर्याद, उपयोग शून्य.

२. शिट्टीला ओ देणारं किचेन असल्यास शिट्टी घालावी. खिशात असताना शेजाऱ्याच्या हसण्यालाही चिवचिवणारं हे किचेन गवतात पडताच मौनव्रत धरतं. आपल्याकडे मात्र चार अनोळखी माणसं वळून बघतात. त्यांना नमस्कार करावा.

३. ब्लूटूथ टॅग असल्यास फोन पुढे धरून चालावं. त्याच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी पाणी शोषून घेतं. ओलं गवत म्हणजे पाणी आणि मध्ये उभा राहून सूचना देणारा मेहुणाही बराचसा पाणीच. त्याला बाजूला करावं. टॅगमध्ये बहुधा सीआर २०३२ सेल असतो: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. मापं नावातच लिहिलेली आहेत. तो संपल्याचं मात्र किल्ली हरवल्यावरच कळतं.

४. दोरीला लोहचुंबक बांधून गवतातून फिरवावं. पितळी किल्लीपुढे ते ढिम्म हलत नाही, पण पोलादी कडी चिकटते. सोन्याची अंगठी हरवली असेल तर ही पायरी गाळून थेट घरी काय सांगायचं ते ठरवावं.

५. धातुशोधक मिळाल्यास आधी स्वतःचा पट्टा, घड्याळ आणि डबा दूर ठेवावा. १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला खुद्द ग्रॅहम बेल यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही. पलंगाच्या लोखंडी स्प्रिंगांनी घोळ घातला, असं सांगतात. आपल्याजवळ तर स्टीलचा डबा आहे.

६. अंधार पडल्यावर विजेरी जमिनीलगत आडवी धरावी. वरून न दिसणारी धातूची वस्तू अशा तिरप्या उजेडात चमकते. चमकलेली पहिली वस्तू वेफर्सच्या पाकिटाचा तुकडा असेल, तोही उचलावा.

ही सगळी यंत्रं आपण किल्लीच्या जवळपास पोचल्यावरच कामाला येतात. तेव्हा पुढच्या खेपेला निघण्यापूर्वी किल्लीला हातभर लाल नाडी बांधा. तिला सेल लागत नाही.