उमरखेडात उणे चाळीस

उमरखेडसारख्या गावात शंभर अश्वशक्तीची गाडी बाळगणं म्हणजे दोन खोल्यांच्या घरात हत्ती बांधणं. माझा हत्ती म्हणजे फियाट पॅलिओ १.६. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली ही गाडी २००१ साली बाजारात आली तेव्हा तिची जाहिरात सचिन करायचा. पुढच्या वर्षी त्यानं ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांशी बरोबरी केली आणि फियाटनं त्याला शूमाकरच्या हातून फेरारी दिली. आमच्या नावावर गल्लीतलंसुद्धा शतक नाही, म्हणून आम्हाला पॅलिओ. तीही तिसऱ्या मालकाकडून. गावात दोन गतिरोधकांच्या मध्ये त्या शंभरातली फार तर वीस घोडी जागी होतात, जांभई देतात आणि परत झोपतात.

मे महिन्यात नांदेडला लग्न होतं. सासरे शेजारी बसलेले, अंगात पांढराशुभ्र सदरा, डोक्याला दुपट्टा. हदगावच्या अलीकडे पैनगंगेचा पूल आला आणि तापमानाच्या काट्यानं लाल पट्ट्याकडे मान टाकली. पाठोपाठ बॉनेटमधून वाफ. गाडी थांबली ती नेमकी पुलाच्या मधोमध. बॉनेट मराठवाड्यात, डिकी विदर्भात. अनुशेष कोणाच्या वाट्याला धरायचा ते ठरेना. पाणी घालावं म्हटलं तर खाली नदीत वाळू, आणि वाळूत एक म्हैस आमच्याइतकीच पाण्याच्या शोधात.

रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना उघडायचं नसतं, एवढं शास्त्र मला ठाऊक होतं. आत कुकरच असतो तो. एक किलोच्या दाबाखाली पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. झाकण काढलं की दाब जातो आणि पाणी एकदम उकळून वाफेसकट तोंडावर येतं. आमच्या भागात शिमग्याच्या सुमाराला शेतोशेत हळद शिजवतात, त्यामुळे वाफेचा मान काय असतो हे सासऱ्यांना सांगावं लागलं नाही. ते आपणहून चार पावलं मागे सरले, म्हणजे विदर्भात.

तासाभरानं सगळं निवल्यावर पाहिलं, तर वरचा होस पाईप अजगरानं बोकड गिळावा तसा फुगलेला, आणि क्लिपपाशी बारीक चीर. त्यात गाडीचा दोष नाही. रबरानं वीस वर्षं उन्हाळे काढले, आणखी किती काढायचे? चिरेवर रबरी पट्टी गुंडाळली, पिण्याच्या पाण्याच्या चार बाटल्या आत रिकाम्या केल्या आणि गाडी उमरखेडकडे वळवली. आता इंजिन थंड ठेवायला एकच उपाय उरला होता. हीटर. हीटर म्हणजे डॅशबोर्डामागचा छोटा रेडिएटर. तो पूर्ण उघडला की इंजिनची उष्णता गाडीत येते आणि इंजिनाला तेवढाच दिलासा मिळतो.

मी बटण फिरवलं.

"जावईबापू, हे काय लावलं?"

"हीटर आहे, मामा."

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर ४४ अंश, आत किती ते मोजायला थर्मामीटर नव्हता. मग दुपट्ट्यानं तोंड पुसत शांतपणे म्हणाले, "लग्नाच्या वक्ती तुमची पत्रिका मी सोता पायली होती. काऊन नाही दिसलं बाप्पा हे?"

गावातल्या मिस्त्रीनं दहा मिनिटांत निकाल दिला. नवा होस चढवला, फॅन 'डायरेक्ट' केला, म्हणजे चावी फिरली की फॅन सुरू, आणि इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारं पाणी अडवणारा थर्मोस्टॅट काढून माझ्या हातावर ठेवला. "सर, हा थंड्या देशातला पार्ट हाय. आपल्या उमरखेडात त्याले काय काम?" युक्तिवाद इतका बिनतोड की मी मान डोलावली. महाराष्ट्रातली निम्मी जुनी वाहनं याच तत्त्वज्ञानावर चालत असतील.

पंधरा दिवसांत गाडी पेट्रोल पिऊ लागली. लिटरला बारा किलोमीटर देणारी आठवर आली, सायलेन्सर काळा पडला. पेट्रोल पंपावरचा पोरगा मला लांबूनच नमस्कार करू लागला. शेवटी यवतमाळहून आलेल्या एका इलेक्ट्रिशियननं स्कॅनर लावला. बाहेर कावळे सावली शोधत होते आणि पडद्यावर कूलंटचं तापमान दिसत होतं: १२ अंश. वायर जरा हलवली. उणे ४०.

मग त्यानं समजावून सांगितलं. तापमानाच्या सेन्सरमध्ये असा पदार्थ असतो की गरम झाला तर विजेला वाट मोकळी करतो आणि गार झाला तर अडवतो. जोडाला गंज चढला की वीज तशीही अडते. गाडीतला संगणक समजतो, थंडी पडली. वायर पुरती सुटली तर आकडा थेट तळाला. तशात थर्मोस्टॅट नाही आणि फॅन अखंड चालू, त्यामुळे इंजिन खरोखरच तापायला उशीर करत होतं. म्हणजे सबंध तालुका भाजून निघत असताना माझ्या गाडीला तेवढी हुडहुडी भरली होती, आणि शेकोटीत लाकूड घालावं तसं ती पेट्रोल ओतत होती. धूर हुंगून पेट्रोल जास्त झालं का हे सांगणारा दुसरा सेन्सर सायलेन्सरच्या नळीत असतो. त्याचं नाक काजळीनं बंद. एकाला थंडी वाजतेय, दुसऱ्याला सर्दी. दवाखान्यात न्यायचं ते यांना.

तेव्हा ठरवलं, आता सगळं नवं. दोन्ही सेन्सर, थर्मोस्टॅट, फॅनचा स्विच, आणि रबराऐवजी सिलिकॉनचे होस. पॅलिओ बंद पडून वर्षं झाली, २०१९ मध्ये तर फियाटनं भारतातली मोटारविक्रीच आवरली. तयार संच कुठला मिळणार? सुतळीनं वळणं मोजली, व्हर्नियरनं तोंडं मोजली आणि तुकडे मुंबईहून मागवले. आले ते निळेशार. शेजारच्या काकांनी बॉनेटमध्ये डोकावून विचारलं, "ठिबक केलं का? अनुदान भेटलं?"

बसवायला एक दिवस लागला आणि आतली हवा काढायला दोन. कूलंट भरताना नळीत हवेचा बुडबुडा राहिला की सगळ्या नव्या सामानाची अब्रू जाते. गाडी तोंड वर करून चढावर लावायची, इंजिन चालू ठेवायचं आणि बुडबुडे थांबेपर्यंत टाकीकडे बघत बसायचं. मी बसलो. दुधावर लक्ष ठेवायला सांगितल्यावर इतका वेळ कधी बसलो नव्हतो.

आता मोबाईलवर खरा आकडा दिसतो. ८८, ९१, ९४, मग फॅन घुरघुरतो, पुन्हा ९०. काटा खोटं बोलत होता तेव्हा मी गाणी ऐकत गाडी चालवायचो. आता ९५ दिसलं की माझ्याच कपाळाला हात लावून बघतो.

परवा पुन्हा नांदेडला निघालो. सासरे शेजारी. पूल दिसू लागला तसं त्यांनी काही न बोलता खिडकीची काच पूर्ण खाली केली, सदऱ्याची वरची दोन बटणं सोडली, दुपट्टा ओला करून डोक्याला बांधला आणि म्हणाले, "हं. लावा आता."