उसन्या पुस्तकाची किल्ली

ई-रीडर घ्यायला निघालेला माणूस आधी पडदा बघतो. किती इंची, इंचाला ठिपके किती, रात्री पिवळसर उजेड देतो का, टबात पडला तर वाचेल का. घरात टब नसतो, पण काळजी असते. मग यूट्यूबवरचा एक पोरगा दोन यंत्रं शेजारी-शेजारी धरून कुणाचं काळं अधिक काळं ते सांगतो आणि ऑर्डर जाते. एवढ्या चौकशीत राहून गेलेला प्रश्न घरातले बाबा विचारतात.

"यात वाचनालयाचं पुस्तक येतं का रे?"

"बाबा, वाचनालय कशाला? पाहिजे ते विकत मिळतं की यात."

"म्हणजे यंत्राचे पैसे वेगळे आणि पुस्तकाचे वेगळे?"

पोरगा 'तुम्हाला नाही कळायचं' असा चेहरा करतो. वास्तविक कळलेलं फक्त बाबांना असतं. अनामत एकदा भरून, पुढे महिन्याच्या वर्गणीवर ज्यांनी कादंबऱ्यांची कपाटंच्या कपाटं वाचून काढली, त्यांना दुकान आणि वाचनालय यांतला फरक चांगला ठाऊक असतो. यंत्र बनवणाऱ्यांना तो आपण विसरावा असं वाटतं.

पडद्याचा वाद आधी मिटवू. किंडल, कोबो, पॉकेटबुक, बूक्स अशी नावं चार असली तरी आतला पडदा एकाच घरचा, तैवानच्या ई इंक कंपनीचा. हे तंत्र 1997 साली अमेरिकेत एमआयटीच्या मीडिया लॅबमधून बाहेर पडलं आणि 2009 मध्ये तैवानी मालकाकडे गेलं. तेव्हा याचं काळं आणि त्याचं काळं यावर तासभर घालवणाऱ्यांनी खुशाल घालवावा. भांडण आहे ते कुलपाचं.

वाचनालय ई-पुस्तक उसनं देतं म्हणजे कुलूप लावलेली फाइल देतं. मुदत संपली की ती उघडत नाही. त्या कुलपाची किल्ली कुठल्या यंत्रात आहे, हे ठरतं वाचनालय कुठल्या देशात आहे यावर. म्हणून दुकानात शिरण्यापूर्वी स्वतःला विचारायचं ते हे, की आपल्या खिशातलं वाचनालयाचं कार्ड कुठल्या गावचं?

समजा, ते न्यू जर्सीचं आहे. अमेरिकेतल्या बहुतेक सार्वजनिक वाचनालयांचा ई-पुस्तकांचा कारभार ओव्हरड्राइव्ह ही क्लीव्हलँडकडची कंपनी सांभाळते. तिचं 2017 साली आलेलं लिबी हे ॲप तिकडच्या मराठी घरांतही पोचलेलं आहे. सहा महिन्यांसाठी गेलेले आजी-आजोबा नातवंडं शाळेत गेली की त्यावरच दुपार काढतात. सप्टेंबर 2011 पासून तिथल्या वाचनालयांची पुस्तकं किंडलवरही येतात. मात्र वाट दुकानातून जाते. लिबीत पुस्तक निवडायचं, 'किंडलवर वाचा' म्हणायचं, की तुम्ही थेट ॲमेझॉनच्या गल्ल्यासमोर उभे. पुस्तक फुकटच मिळतं, पण मुदत संपली की ते विकत घेण्याची आठवण करून द्यायला दुकानदार विसरत नाही. आपल्याकडच्या एखाद्या ग्रंथपालांनी पुस्तक परत घेताना 'आवडलं असेल तर समोरच्या दुकानात आहे हो' असं म्हटलं असतं, तर कार्यकारिणीची तातडीची बैठक लागली असती.

यात एक मोठी गंमत आहे. वाचक काय वाचतो हे कुणाला सांगायचं नाही, हा अमेरिकन ग्रंथपालांचा जुना बाणा. 2005 साली एफबीआयनं कनेक्टिकटमध्ये वाचनालयाच्या संगणक-वापराची नोंद पत्र पाठवून मागितली आणि हे पत्र आल्याचं बाहेर बोलायचं नाही अशीही ताकीद दिली, तेव्हा चार ग्रंथपाल कोर्टात गेले. शेवटी सरकारनं माघार घेतली. आणि आता त्याच वाचनालयाचा सभासद स्वतःच्या बोटानं बटण दाबून, काय नेलं आणि कुठल्या ओळीखाली रेघ मारली, ते सगळं दुकानदाराच्या वहीत नोंदवून येतो. एफबीआयला उगाच पत्रं लिहावी लागली.

किंडलची ही सोय फक्त अमेरिकेपुरती. कार्ड टोरांटोचं, लंडनचं किंवा मेलबर्नचं असेल, तर किंडल या बाबतीत ठोंब्या. भाऊ न्यू जर्सीत, बहीण टोरांटोत. भावानं प्रेमानं पाठवलेलं किंडल बहिणीकडे जेमतेम विकतच्या पुस्तकांच्या कामाचं उरतं. आजोबांनी परत येताना आपलं किंडल पुण्याला आणलं आणि खातं भारतीय दुकानाशी जोडलं, तर त्यांचीही ती खिडकी मिटते. लिबी फोनवर चालू राहील, पण डोळ्यांना त्रास नको म्हणूनच तर यंत्र घेतलं होतं.

टोरांटोच्या बहिणीला कोबो हवं. कोबो मूळचं तिच्याच गावचं, मालक जपानी, राकुटेन. या राकुटेननं 2015 मध्ये अख्खी ओव्हरड्राइव्हच विकत घेतली, आणि 2016 पासून कोबोच्या यंत्रातच वाचनालयाचा दरवाजा बसवला. कार्डाचा नंबर एकदा घालायचा, मग यंत्रावरच पुस्तक शोधायचं आणि 'उसनं घ्या' दाबायचं. वायर नको, संगणक नको, मधला दुकानदार नको. (दुकानदार आहेच, पण कोपऱ्यात बसलेला.) 2020 मध्ये राकुटेननं ओव्हरड्राइव्ह केकेआर या गुंतवणूक कंपनीला विकून टाकली. घर विकलं तरी मधला दरवाजा कुणी बुजवला नाही, ही त्यातली चांगली गोष्ट. या दरवाजातून मासिकं आणि श्राव्य पुस्तकं येत नाहीत, तेवढं मनाची तयारी करून ठेवावं.

म्युनिकला गेलेल्या इंजिनिअरची तऱ्हा आणखी वेगळी. जर्मन वाचनालयांचा आपला स्वतंत्र संसार आहे, नाव ओनलाये. त्याचं किंडलशी जमत नाही. तिथल्या पुस्तकविक्रेत्यांनी 2013 मध्ये एकत्र येऊन ॲमेझॉनला टक्कर द्यायला टोलिनो नावाचं यंत्र काढलं. ते किंवा पॉकेटबुक घेतलं की काम होतं. जर्मन शिकायचं काम मात्र आपलं आपण करायचं.

ज्यांना कुठल्याच घराण्याचं मिंधं व्हायचं नाही, त्यांच्यासाठी बूक्स आहे. चिनी कंपनी, ई-इंकचा पडदा आणि आत अँड्रॉइड. त्यावर लिबी घाला, किंडल घाला, आणखी दहा ॲप घाला. सगळं चालतं, थोडं थोडं अडखळत. फोनच्या झगमगत्या पडद्यासाठी केलेली ॲप शाईच्या पडद्यावर आली की मागच्या पानाची भुतं पुढच्या पानावर रेंगाळतात, आणि महिनाभर टिकणारी बॅटरी लवकर मान टाकते. शिवाय त्यावर व्हॉट्सॲपही चालतं. मग वाचन संपलंच.

उरला जुना रस्ता, ॲडोबीचा. वाचनालयाच्या संकेतस्थळावरून तुम्ही पुस्तक उतरवता आणि हाती येते इवलीशी फाइल. ती पुस्तक नसतेच, ती नुसती चिठ्ठी. ती चिठ्ठी ॲडोबी डिजिटल एडिशन्स या प्रोग्रॅमला दाखवायची, तो खरं पुस्तक आणतो, मग वायर लावून ते यंत्रात ढकलायचं. सरकारी कचेरीत टेबलाटेबलावर कागद फिरवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना हा प्रकार अगदी घरगुती वाटेल. बाकीचे दुसऱ्या चिठ्ठीला हात टेकतात.

एवढं कुलूपपुराण कशासाठी, तर प्रकाशकांना झोप लागावी म्हणून. कागदी पुस्तक झिजतं, पानं सुटतात, कुणीतरी त्यावर चहा सांडतो, मग वाचनालय दुसरी प्रत घेतं. ई-पुस्तक झिजत नाही, हाच त्याचा गुन्हा. मग त्याला झिजवायची युक्ती निघाली. 2011 साली हार्पर-कॉलिन्सनं जाहीर केलं की वाचनालयाला विकलेलं ई-पुस्तक 26 वेळा उसनं गेलं की संपलं. पुढे हवं असेल तर पुन्हा पैसे भरा. दोन आठवड्यांची एक खेप धरली तर 26 खेपांना बरोबर वर्ष होतं. ओक्लाहोमातल्या ग्रंथपालांनी यावर छान केलं. 26 हून जास्त वेळा घरोघरी जाऊन आलेली त्याच प्रकाशकाची कागदी पुस्तकं कॅमेऱ्यासमोर ठेवली. पुस्तकं धडधाकट होती. लाजण्याचं काम प्रकाशकाचं होतं, ते त्यानं केलं नाही.

पुढे इतरांनी खेपांऐवजी मुदत धरली. तुम्हाआम्हाला साधारण 15 डॉलरला मिळणारं नवं ई-पुस्तक वाचनालयाला 55-60 डॉलरच्या घरात पडतं, आणि तेही बहुधा 2 वर्षांपुरतं. एका वेळी एका वाचकालाच द्यायचं, हा नियम वर आहेच. म्हणजे ज्याची प्रत काढायला कवडी लागत नाही, त्यासाठी वाचकांची रांग लागते आणि लिबी सांगतं, तुमचा नंबर यायला काही आठवडे आहेत. 2019 च्या नोव्हेंबरात मॅकमिलननं त्याच्याही पुढे उडी मारली. नव्या पुस्तकाचे पहिले 8 आठवडे अख्ख्या वाचनालय-समूहाला एकच ई-प्रत, मग त्या समूहात एक शाखा असो की पन्नास. सिएटलच्या बाजूच्या किंग काउंटीसारख्या मोठ्या वाचनालयांनी त्यांची नवी ई-पुस्तकं घेणंच थांबवलं. मार्च 2020 मध्ये मॅकमिलननं नियम गुंडाळला. ग्रंथपाल चिडला की काय होतं, हे प्रकाशकांना कळायला पाच महिने पुरले.

वाचकही काही कमी नाहीत. किंडलवाल्यांची जुनी चलाखी अशी: पुस्तक उतरलं की यंत्र विमानात बसल्यासारखं इंटरनेटपासून तोडून टाकायचं. यंत्राला मुदत संपल्याचा निरोप मिळतच नाही, पुस्तक उघडतच राहतं. वाचनालयाच्या खात्यात मात्र ते वेळेवर परत गेलेलं असतं आणि रांगेतल्या पुढच्याला मिळालेलंही असतं. कुणाचंही नुकसान न करता पुस्तक लांबवायची ही पहिलीच सोय म्हणायची. दंडाची पावती फाडायला कुणाला वावच नाही.

यावर कुणी म्हणेल, एवढी यातायात कशाला, विकत घ्या आणि मोकळे व्हा. मोकळं कोण होतं ते बघा. 2009 च्या जुलैत ॲमेझॉननं लोकांनी पैसे मोजून घेतलेली ऑर्वेलची पुस्तकं त्यांच्या किंडलमधून परस्पर पुसली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरं होतं. पण पुसलेल्या पुस्तकांत '1984' होतं, यापुढे आम्ही सदर लिहिणाऱ्यांनी काय बोलावं? नंतर जेफ बेझोस यांनी माफी मागितली. 2025 च्या फेब्रुवारीत किंडलची विकतची पुस्तकं वायरनं संगणकावर उतरवून ठेवायची सोयही बंद झाली. आता तुम्ही घेता तो परवाना. वाचनालय निदान परतीची तारीख सांगून देतं, दुकान ती सांगत नाही.

आता महाराष्ट्राचं कार्ड असलेल्यांचा प्रश्न. तो सर्वांत सोपा. कुठलंही यंत्र घ्या, सगळी सारखीच, कारण वाचनालयाची नवी कादंबरी त्यांतल्या एकातही यायची नाही. 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, अ पासून ड पर्यंत वर्ग आहेत, अनुदानावर चालणारी हजारो वाचनालयं आहेत. पण कार्डाचा नंबर घालून घरबसल्या ई-पुस्तक उसनं आणावं, अशी खिडकी गावच्या वाचनालयाला नाही. किंडलला 2016 च्या डिसेंबरात मराठी आली, ती दुकानात आली. काही जुन्या ग्रंथालयांनी दुर्मिळ पुस्तकं स्कॅन केली, साहित्य संस्कृती मंडळानं आपली पुस्तकं फुकट उतरवायला ठेवली, हे उपकारच आहेत. लेखक जाऊन 60 वर्षं झाली की पुस्तक सर्वांचं होतं, त्यामुळे साने गुरुजी कुठल्याही यंत्रात विनापरवाना वावरू शकतात. मात्र ही पुस्तकं बहुतेक पीडीएफ, त्यात स्कॅन केलेलं पान म्हणजे फोटो. सहा इंची पडद्यावर त्याची अक्षरं मोठी करावी तर ओळ दोन्हीकडून बाहेर जाते, आणि वाचणारा प्रत्येक ओळीला पान डावीकडून उजवीकडे ओढत बसतो. हे वाचायचं असेल तर दहा इंची यंत्र घ्या, आणि देवनागरीची जोडाक्षरं दुकानातच उघडून बघा. एवढाच व्यावहारिक सल्ला या सदराकडे आहे.

आपल्या प्रकाशकांना विचारलं, की वाचनालयांना कुलूपबंद ई-पुस्तकं द्यायला काय हरकत आहे, तर उत्तर ठरलेलं: चोरी होईल. काळजी रास्त आहे. म्हणून ते देत नाहीत. आणि गेल्या दिवाळीत आलेली कादंबरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सुप्रभातच्या गुलाबाखाली येऊन पडते. तीनशे पानांची पीडीएफ, कुणीतरी फोननं पान-पान टिपलेली, मधून-मधून अंगठाही दिसतो. तिला कुलूप नाही, रांग नाही, परतीची तारीख नाही. अट एकच, खाली लिहिलेली: आवडल्यास पुढे पाठवा.